गीझर चालू, पाणी गारच: बिघाड नेमका कुठं?

गरम पाणी येईना झालं की आपल्याकडं निदान आधीच ठरलेलं असतंय, "कॉईल गेली". दुरुस्तीवाल्याला फोन करताना पण हेच सांगायचं, तो पण हो म्हणतोय, येऊन कॉईल बदलून पैसे घेऊन जातोय आणि चार दिवसांनी पाणी परत कोमट, कारण बिघाड नळाच्या मिक्सरमध्ये, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळात होता नाहीतर पॉवर प्लगच्या जळक्या पिनेत. कॉईल जातच नाही असं नाही, पण ती गेली हे सगळ्यात शेवटी ठरवायचं असतंय.

आधी तीन गोष्टी बघायच्या आणि याच क्रमानं बघायच्या. गीझरपर्यंत लाईट पोचतेय काय, पोचलेल्या लाईटीनं टाकीतलं पाणी तापतंय काय, आणि तापलेलं पाणी नळापर्यंत तसंच येतंय काय. बहुतेक लोकं मधल्याच प्रश्नाला चिकटून बसतात. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र गीझरचा एक स्क्रूसुद्धा न काढता घरच्या घरी मिळतंय.

त्याआधी आत काय असतं ते थोडक्यात. साठवणीचा गीझर म्हणजे आत एक बंद टाकी, बाहेरनं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कवच आणि मधे फोम. उभ्या गीझरला खालच्या बाजूला दोन पाईप असतात. एकातनं गार पाणी आत येऊन तळाशीच सुटतं. दुसरा पाईप आतमध्ये टाकीच्या माथ्यापर्यंत उभा गेलेला असतो, कारण तापलेलं पाणी हलकं होऊन वर जाऊन बसतं आणि आपल्याला पाहिजे ते तेच पाणी. नळ सोडला की खालनं गार पाणी रेटा देतं आणि वरचं गरम पाणी त्या उभ्या पाईपात शिरून बाहेर पडतं. म्हणजे आत पाणी आल्याशिवाय बाहेर पाणी जातच नाही. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढं मिक्सर तपासताना ह्याच्यावरच सगळं आहे.

तळाला गोल झाकणासारख्या फ्लँजवर कॉईल बसवलेली असते. कॉईल म्हणजे तांब्याची नाहीतर इन्कोलॉय नावाच्या मिश्रधातूची नळी, तिच्या आत नायक्रोमची तार आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पूड, म्हणजे उष्णता बाहेर येईल पण करंट येणार नाही. तिच्याजवळच थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला लाईट तोडतो, पाणी निवलं की परत जोडतो. तो कधी चिकटून बसला आणि पाणी उकळायच्या बेताला आलं तर कटआउट सगळंच बंद करतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो आपोआप परत जोडला जात नाही, आतलं बारकं बटण हातानं दाबावं लागतं. एवढंच आहे सगळं. मोबाईलपेक्षा, मिक्सर-ग्राइंडरपेक्षासुद्धा गीझर साधा.

आता पहिला प्रश्न, लाईट. गीझरवरचा बल्ब पेटत नसेल तर आधी बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच बघा, आणि मग पॉवर प्लग. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३ लिटरचा ३००० वॉटचा इन्स्टंट १३ अँपिअर. एवढा करंट वीस-वीस मिनिटं सलग ओढणारं घरात दुसरं काही फारसं नसतंय, इस्त्री पण मधे मधे बंद होत असते. त्यामुळं सॉकेटमध्ये पिन जराशी जरी सैल असली तरी तिथंच तापायला लागतं, पितळ काळं पडतं, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन वितळतं, आणि एक दिवस आतल्या आत जोड सुटतो. गीझर बंद करा, मेन स्विच पाडा, पाच मिनिटं थांबून पिन बाहेर काढा. पिनेवर जांभळट काळा डाग आणि जळकट वास आला तर बिघाड सापडला, गीझरला हात लावायची गरजच नाही. १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट आणि टॉप (वायरीला लावलेला पिनांचा प्लग) दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला खराब करतंय. पॉलिश पेपर मारून परत तेच घालायचं, हे आपल्याकडं फार चालतं, आणि तेच नंतर पेट घेतंय.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या घरांत अजून एक भानगड असते. घर आजोबांच्या काळचं, न्हाणीत तेव्हा तांब्याचा बंब आणि एक चाळीसचा बल्ब, मग नंतर कुणीतरी त्या बल्बच्याच लाईनीवर गीझर जोडून दिला. बारीक वायर, मधे टेप मारलेले जोड, आणि अर्थिंग म्हणजे हिरवी वायर नुसती बोर्डात येऊन थांबलेली. गीझरला बोर्डापासनं स्वतंत्र अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर पाहिजे, अंतर लांब असेल तर चारची, आणि स्वतंत्र एमसीबी. हे नसेल तर नवीन गीझर आणून सुद्धा तीच रडगाणी.

लाईट येतेय खरी, पण कमी येतेय, हा प्रकार शहरात कमी आणि गावाकडं जास्त. खानापूरकडची आतली गावं, नाहीतर निपाणी-चिकोडीकडं शेतात घर करून राहणारी मंडळी, ह्यांना हे वेगळं सांगायला नको, मोटारी चालू झाल्या की ट्यूब फडफडायला लागते. आता लोकांना वाटतं व्होल्टेज थोडं कमी झालं तर पाणी थोडं उशिरा तापेल. तसं होत नाही, कारण कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. २३० चं १८० व्होल्ट झालं म्हणजे पाचवा हिस्सा कमी झाला, पण २००० वॉटची कॉईल तेव्हा साधारण १२०० वॉटचंच काम करते. १५ लिटर पाणी २० अंशांवरनं ६० ला न्यायला पूर्ण व्होल्टेजला २१ मिनिटं लागतात, १८० ला ३४ मिनिटं. १६० ला तर कॉईलची ताकद निम्म्याच्या पण खाली. आणि आपण मात्र सवयीनं वीस मिनिटांनी बंद करून आंघोळीला जातो आणि म्हणतो कॉईल गेली. गीझर एकदम ठीक असतो. रात्री अकरा वाजता व्होल्टेज चढल्यावर लावून बघा, कडक पाणी आलं तर गीझरला दोष देऊ नका, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनमनला गाठा.

एमसीबी पडत असेल तर कोणता पडतोय ते बघा, कारण दोन वेगळे स्विच दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. साधा एमसीबी पडला तर करंट जास्त ओढला जातोय किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी, ज्याच्यावर टेस्टचं बारकं बटण असतं, तो पडला तर करंट कुठंतरी गळतोय, बहुतेक वेळा कॉईलच्या नळीला बारीक चीर जाऊन पाणी आत गेलेलं असतं. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, तेवढा करंट माणसाचा जीव घ्यायला पुरेसा आहे म्हणूनच तो तिथं बसवलेला असतो. तो पडतोय म्हणून त्याला बाजूला काढून सरळ लाईन जोडणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, अगदी बारीक झिणझिण जरी आली, तरी गीझर त्याच क्षणी मेन स्विचवरनं बंद. त्याच्यावर "ओल्या हातानं धरला असशील" हे उत्तर नाही.

दुसरा प्रश्न, पाणी तापतंय काय. गीझरवरचा बल्ब पेटला म्हणजे कॉईल चालू आहे असं नसतं, काही गीझरात तो बल्ब फक्त लाईट आली एवढंच सांगतो. ह्याची सगळ्यात सोपी परीक्षा घराबाहेरच्या मीटरवर आहे आणि कुणी करत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. हेस्कॉमच्या डिजिटल मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, तो युनिटच्या हिशेबानं लुकलुकतो, एका युनिटला किती वेळा ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय, तर २००० वॉटचा गीझर चालू असताना तो ठिपका एका सेकंदाला जवळजवळ दोनदा उडाला पाहिजे. गीझर चालू केला, ठिपका पटापट उडायला लागला, तर कॉईल जिवंत आहे, बिघाड दुसरीकडं शोधा. ठिपका ढिम्म असेल तर लाईट कॉईलपर्यंत जात नाही किंवा कॉईल तुटलीय. एक रुपया खर्च नाही, एक स्क्रू काढायचा नाही. फक्त पाणी आधीच तापलेलं असेल तर थर्मोस्टॅटनं लाईट तोडलेली असणार, म्हणून आधी गरम नळ पाच मिनिटं सोडून टाकी गार करून घ्या.

ठिपका ढिम्म आहे म्हटल्यावर आता झाकण उघडायचं काम, आणि हे ज्याला सवय आहे त्यानंच करावं, मेन स्विच पाडून. पण काय चाललंय ते आपल्याला कळत असलं की फसवणूक होत नाही. त्यानं मल्टिमीटर लावून कॉईलचा रेझिस्टन्स मोजला पाहिजे, २००० वॉटच्या कॉईलला २६ ओहमच्या आसपास येतो, ३००० च्या कॉईलला साडेसतरा. तेवढा आला तर कॉईल चांगली, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. मल्टिमीटर न काढता नुसतं बघून "गेली की हो ही" म्हणणाऱ्याला विचारायचं, अण्णा, मोजून दाखवा की जरा.

कॉईल चांगली आणि कटआउट पडलेला, असं फार वेळा निघतं. बटण दाबलं, टिक असा आवाज आला, पाणी तापलं, सगळे खूश. पण कटआउट आपणहून उगाच पडत नसतोय. तो पडला म्हणजे पाणी थर्मोस्टॅटनं अडवायला पाहिजे होतं त्याच्या पलीकडं तापलं, म्हणजे बहुतेक थर्मोस्टॅटचे आतले पॉइंट चिकटलेत. आधीच्या दोन-चार दिवसांत पाणी नेहमीपेक्षा जास्तच कडक, वाफेसकट येत होतं काय आठवून बघा. हो असेल तर बटण दाबून उपयोग नाही, थर्मोस्टॅट बदला, तो काय महाग नसतो. आणि कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळून गीझर "चालू करून देणारे" असतात, त्यांना घरात घेऊ नका. बंद टाकीत पाण्याचं तापणं अडवणारं काहीच राहिलं नाही तर वाफेच्या दाबानं टाकी फुटू शकते. शेवटचा उपाय म्हणून गीझरला कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला एक फ्युझिबल प्लग असतो, तो वितळून पाणी बाहेर सोडतो. पण तिथपर्यंत वेळ येऊ देण्यात काय शहाणपण नाही.

आता पाण्याचा विषय, आणि इथं आपल्या भागात गावागणिक फरक आहे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल अशा दोन्हीकडनं पाणी येतं, ते धरणाचं पाणी तसं मऊ. खानापूरच्या बाजूला जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी पण साबणाला पटकन फेस देणारं. पण उन्हाळ्यात नळाचं पाणी लांबलं की अर्धं शहर बोअरवर येतं, आणि अथणी-रायबागकडं कितीतरी घरात वर्षभर बोअरच. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार असतात, पाणी तापलं की ते विरघळलेले राहत नाहीत, कॅल्शियम कार्बोनेट होऊन जिथं सगळ्यात जास्त गरम तिथं, म्हणजे कॉईलवरच, बसतात. चहाच्या भांड्याला तळाशी पांढरं धरतं तेच हे. तापमान जितकं जास्त तितकं हे जोरात होतं, म्हणून बोअरच्या घरात थर्मोस्टॅट ६० च्या वर ठेवायचा नाही.

अशा घरातला गीझर उघडताना एकदा बघाच. फ्लँजचे नट सैल केले की आधी गढूळ पाणी, मग बादलीत खडखड आवाज करत पांढऱ्या-पिवळ्या खपल्या पडायला लागतात, अंड्याच्या कवचाएवढ्या जाड, काही बोटाएवढ्या लांब, कॉईलच्या वळणाचा आकार तसाच घेतलेल्या. कॉईल स्वतः दिसतच नाही, तिच्या वळणांमधली फट सगळी भरून एक ओबडधोबड गोळा झालेला असतो आणि थर्मोस्टॅटची नळी त्या गोळ्यात अर्धी गाडली गेलेली असते.

"थर बसला की बिल वाढतं" असं दुकानदार सांगतात, त्यात फारसा दम नाही. कॉईल पाण्यातच बुडालेली आहे, तिची उष्णता जाणार कुठं, उशिरा का होईना पाण्यातच जाणार. नुकसान वेगळंच होतंय. वाकळ पांघरून बसल्यासारखी कॉईल आतल्या आत भाजत राहते, तिची उष्णता वेळेवर बाहेर पडत नाही, तार लाल होते आणि शेवटी तुटते. आणि थर्मोस्टॅटची नळी त्याच गोळ्यात गुंतल्यामुळं तिला वाटतं पाणी तापलं, ती लाईट तोडते, टाकीतलं पाणी मात्र कोमटच. बोअरच्या घरात "बल्ब लगेच विझतोय पण पाणी तापत नाही" अशी तक्रार आली तर नव्वद टक्के हेच असं माझं मत. कॉईल फेकायची गरज नसते. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळून त्यात कॉईल रात्रभर बुडवली की बुडबुडे येऊन थर सुटतो. टाकीच्या आत मात्र स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचं नाही, काचेसारखा थर दिलेली टाकी असेल तर तो टवका उडाला की तिथनं गंज धरतो. फ्लँज उघडली म्हणजे रबराचं गॅस्केट नवीन घालायचं. आणि मॅग्नेशियमची एक कांडी आत असते ती पण बघायची. टाकीच्या पत्र्याऐवजी तिनं झिजावं म्हणूनच ती तिथं दिलेली असते. बोअरच्या पाण्यात ती वर्ष-दोन वर्षांत संपून नुसती तार राहू शकते, आणि ती संपल्यावर पुढचा नंबर टाकीचा. आपल्याकडं ही कांडी बदललेले गीझर मी तरी फार कमी बघितलेत.

तिसरा प्रश्न, मिक्सर. हा कुणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून वडगावच्या मामींशी फोनवर झालेलं बोलणं तसंच देतो.

"लाल बल्ब लागलाय बघ, अर्धा तास झाला, पाणी गारच येऊलालंय. माणूस बोलावू काय?"

"थांबा मामी. गीझरच्या खालचा पाईप हात लावून बघा, तांबड्या बाजूचा. जपून."

"अग्ग बाई, चटका बसला की रे!"

"मग गीझर चांगला हाय. आता बटण बंद करा आणि गीझरला गार पाणी येणारा कॉक पूर्ण बंद करा. केला? आता मिक्सर गरमच्या बाजूला फिरवून नळ सोडा."

"पाणी येतंय की धो धो."

बस, सापडला बिघाड. गीझरला पाणी आत येणं बंद केलंय, मग त्याच्यातनं बाहेर येणं शक्यच नाही, तरी गरमच्या नळातनं पाणी येतंय म्हणजे ते गार लाईनीतनं मिक्सरच्या आतल्या वाटेनं गरमच्या बाजूला घुसतंय. मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज किंवा वॉशर झिजला की हे होतं. गरम पाणी तयार आहे, पण वाटेत त्याच्यात गार मिसळून आपल्याला कोमट मिळतंय. हाच प्रकार घरातल्या दुसऱ्याच मिक्सरमुळं पण होऊ शकतो, वरच्या मजल्यावरचा, किंवा स्वयंपाकघरातला, म्हणून एकेक मिक्सरचे दोन्ही कॉक बंद करत जायचं, ज्याचा बंद केल्यावर पाणी ठीक होतं तो चोर. कार्ट्रिज बदलणं प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम.

बरं, कॉक बंद केल्यावर नळ पण बंद झाला तर मिक्सर सुटला. मग बघायचं की सुरुवातीला गरम येऊन लगेच गार पडतंय काय. पडत असेल तर टाकीतला तो उभा पाईप खालीच तुटला असेल, म्हणजे तो माथ्यावरचं न घेता तळातलं गार घेतोय, नाहीतर जोडणाऱ्यानं दोन्ही पाईप उलटे जोडलेत. घर रंगवताना गीझर काढून परत लावला आणि तेव्हापासनं असं होतंय असं कुणी म्हणालं की डोळे झाकून पाईप उलटे.

आणि काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. १५ लिटर ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून आंघोळीपुरतं ४० अंशांचं केलं तर ३० लिटर होतं, म्हणजे दोन लहान बादल्या. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण ७५० मीटर उंच, डिसेंबर-जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी बऱ्यापैकी गार असतं, तेव्हा तर तेवढं पण नाही. गणपतीला नाहीतर जत्रेला पाहुणे आले, चौघं एकामागं एक न्हाणीत गेले, तर तिसऱ्याला गार पाणी येणारच. मधे वीस मिनिटं सोडा. सेफ्टी व्हॉल्व्हमधनं तापताना थेंब थेंब पाणी पडतं तो पण बिघाड नाही. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरला २० वरनं ६० पर्यंत पाव लिटरच्या आसपास, त्याला जागा पाहिजे. त्या व्हॉल्व्हला बूच मारणारे महाभाग आहेत. ते करायचं नाही. धार लागली तरच काळजी, आणि तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा.

दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर ती मात्र सोडा. एक टाकी तापवायला फक्त पाऊण युनिटच्या आत लागतं, पण चोवीस तास चालू राहिला की निवलेलं परत तापवत बसतो. सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल आपल्या माथी, त्यात चिकटलेला थर्मोस्टॅट असला तर मीटर बघायला नको.

सोलरवाल्यांसाठी थोडकं. जून ते सप्टेंबर बेळगावच्या ढगात पाणी तापत नाही ह्याला दुरुस्ती नाही, बॅकअपची कॉईल लावायची, आणि ती लावूनही तापत नसेल तर वरचं सगळं त्या कॉईललाच लागू. ऊन कडक असून गार येत असेल तर आधी गच्चीवर जाऊन गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच आहे काय बघा. जुनी टाकी बदलताना बुटक्या कट्ट्यावर ठेवली की सोलरची टाकी पूर्ण भरतच नाही. वर उभा केलेला हवेचा पाईप तुंबला तरी मधे हवा अडकून पाणी येत नाही. काचेच्या नळीचं टोक चांदीसारखं चकचकीत असतं, ते पांढरं पडलं असेल तर त्या नळीतली पोकळी गेली, ती नळी बदला, बाकीच्यांना हात लावू नका. आणि टाकी रिकामी होऊन नळ्या उन्हात तापल्या असतील तर दुपारी पाणी सोडायचं नाही, काच तडकते. संध्याकाळी निवल्यावर किंवा पहाटे भरा.

गॅस गीझरमध्ये नळ सोडल्यावर टकटकटक आवाज येतो काय ते ऐका. आवाजच नसेल तर सेल संपलेत किंवा पाण्याचा दाब कमी आहे, वरच्या मजल्यावर टाकी जवळ असली की दाबच पुरत नाही आणि तो पेट घेत नाही. आवाज येतोय पण ज्योत नाही तर सिलिंडर, रेग्युलेटर, पाईप. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर वापरणं बंद करा, गॅस नीट जळत नाही. आणि ज्योत निळी असली तरी बंद न्हाणीत गॅस गीझर बसवायचाच नाही. त्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणसाला चक्कर येतेय कळेपर्यंत कडी काढायची शक्ती राहत नाही. गीझर बाहेर, आणि नुसता पाईप आत. थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेली एक न्हाणी मी बघितलीय, आत गॅस गीझर, घरात दोन लहान पोरं. पुठ्ठा तिथल्या तिथं काढायला लावला.

तपासायचा दिवस ठरवायचा असेल तर दिवाळीचा आदला दिवस बरा. आपल्याकडं कन्नड घरांत त्या संध्याकाळी न्हाणीतला हंडा घासून पाणी भरायचा सण असतो. आपण त्याच दिवशी गीझरची पिन काढून बघावी, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय काय बघावं, मीटरचा ठिपका बघावा. पहिल्या आंघोळीच्या पहाटे उटणं लावून बसल्यावर बेळगावातला एकही दुरुस्तीवाला फोन उचलणार नाही.

शेवटी दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा हा प्रश्न येतोच. कॉईल, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, व्हॉल्व्ह, ह्यातलं काहीही गेलं तरी गीझर टाकायचा नाही, अगदी दोन गोष्टी एकदम गेल्या तरी. टाकी गळायला लागली तर मात्र संपलं, तिला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, दाबाखालची टाकी आहे ती. पण टाकीच गळतेय हे नक्की करा. फ्लँजच्या गॅस्केटमधनं आलेलं पाणी पण कवचाच्या आत फिरून तळातनंच ठिबकतं आणि बघणाऱ्याला टाकी फुटल्यासारखं वाटतं. कवच काढून, फोम कुठं ओला आहे ते बोट लावून बघायला सांगा. फ्लँजभोवतीच ओला असेल तर गॅस्केट, वर अंगाला ओला असेल तर टाकी. टाकीची गॅरंटी कॉईलच्या गॅरंटीपेक्षा वेगळी आणि बरीच जास्त वर्षांची असते, कार्ड शोधा, बिल त्याच्याच मागं टाचलेलं असतंय.